मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसचा नारिंगी अर्क पेशी मारतोय. नवा रेणू की जुनाच?

सड्यावरची_माती

रत्नागिरीच्या सड्यावरची जांभ्याची माती, १०-१२ सेंटिमीटर खालची. सावलीत सात दिवस वाळवली, १०० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये ठेवली आणि स्टार्च केसीन आगारवर पसरली. ३४ ॲक्टिनोमायसीट्स (बुरशीसारखे धागे करणारे मातीतले जिवाणू, स्ट्रेप्टोमायसिस त्यांतलाच) निघाले. प्रश्न त्यातल्या एकाचा आहे. वर राखाडी भुकटी, खाली आगारमध्ये पिवळा-नारिंगी रंग झिरपतो. वसाहत लूपने उचलत नाही, चामड्यासारखी आगारला धरून बसते.

वाढ: आयएसपी-२ ब्रॉथ (पातळ वाढ-माध्यम), २५० मि.ली.च्या फ्लास्कमध्ये ५० मि.ली., २८ अंश, १८० आरपीएम, सात दिवस. गाळलेला द्रव तेवढ्याच इथाइल ॲसिटेटने दोनदा काढला. लिटरमागे ३८ मि.ग्रॅ. नारिंगी अर्क मिळतो.

एमटीटी (जिवंत पेशींत जांभळा होणाऱ्या रंगाची चाचणी), ४८ तास: स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर आयसी५० (वाचन निम्म्यावर आणणारी मात्रा) ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली., गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या हेलावर ०.५. नॉर्मल पेशी म्हणून चँग लिव्हर घेतल्या, त्यांच्यावरही ०.५. स्टॅफिलोकोकस आणि बॅसिलस मरतात, ई. कोलायला काही होत नाही.

विचारायचं असं:
१) अर्कातले घटक वेगळे करायला सिलिका कॉलम लावण्याआधी काय तपासावं?
२) नॉर्मल पेशीही तितक्याच मरतात, म्हणजे हे सोडून द्यावं का?
३) तिसऱ्या बॅचपासून परिणाम निम्म्यावर आला आहे. प्लेटवर मधे मधे टक्कल पडल्यासारख्या, भुकटी नसलेल्या वसाहती दिसतात. प्रत्येक वेळी आधीच्या प्लेटवरूनच सबकल्चर केलं (उचलून नव्या प्लेटवर वाढवलं) आहे. काय करावं?

---

सिलिका_स्तंभ

कॉलम अजिबात लावू नका. कच्च्या अर्काचा आकडा इतका चांगला आला की आधी संशय घ्यायचा.

पिवळा-नारिंगी रंग, इथाइल ॲसिटेटमध्ये सहज उतरणं, ग्रॅम-पॉझिटिव्ह मरणं आणि ई. कोलाय तगणं, वर मायक्रोग्रॅमच्या आत आयसी५०. एवढं एका जागी दिसलं की पहिला संशयित ॲक्टिनोमायसिन. वाक्समन आणि वुड्रफ यांनी १९४० मध्ये मातीतल्या जिवाणूतून काढलेलं हे संयुग. प्रतिजैविक म्हणून ते फारच विषारी निघालं, पण पुढे डॅक्टिनोमायसिन या नावाने लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या विल्म्स गाठीवरचं औषध झालं. स्ट्रेप्टोमायसिसच्या कितीतरी जाती ते बनवतात. त्यामुळे मातीवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत ते कधी ना कधी उगवतंच.

हिशेब करून बघा. शुद्ध ॲक्टिनोमायसिन डी बहुतेक पेशींना काही नॅनोमोलरला मारतं, म्हणजे ढोबळ १० नॅनोग्रॅम प्रति मि.ली. तुमचा अर्क ४०० नॅनोग्रॅमला मारतोय. म्हणजे अर्कात अडीच टक्के ॲक्टिनोमायसिन असलं तरी सगळा परिणाम त्यातच संपला. ३८ मि.ग्रॅ.मधलं जेमतेम एक मि.ग्रॅ.

हे तासाभरात तपासता येतं. एक मि.ग्रॅ. अर्क एक मि.ली. मेथॅनॉलमध्ये घ्या आणि २२० ते ६०० नॅनोमीटर स्कॅन करा. ४४३ ला शिखर, त्याच्या डाव्या बाजूला ४२५ च्या आसपास खांदा आणि २४० ला दुसरं शिखर दिसलं तर संशय पक्का होत जातो. मोलर शोषणांक २५ हजारांच्या आसपास धरा. अडीच टक्क्यांच्या हिशेबाने एक सें.मी. क्युव्हेटमध्ये ४४३ चं वाचन ०.५ च्या जवळ यायला हवं. ते ०.०५ आलं तर मारणारं दुसरंच काही आहे, आणि मग गोष्ट रंगतदार होते.

मग दोन थेंबांची चाचणी. अर्काच्या द्रावणात सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड घाला. लगेच जांभळं-निळं झालं तर अँथ्रासायक्लिन, म्हणजे डाउनोरुबिसिनच्या घराण्यातलं काहीतरी. आम्लात गुलाबी-लाल आणि अल्कलीत पिवळं झालं तर प्रोडिजिओसिन. ॲक्टिनोमायसिनचा रंग असा झटकन पालटत नाही.

शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरवर वस्तुमान. इथे बहुतेकजण एकच चूक करतात. यंत्राची पट्टी १०० ते १००० वर ठेवतात आणि मुख्य आयन दिसतच नाही. पॉझिटिव्ह मोडमध्ये ॲक्टिनोमायसिन डीचा प्रोटॉनवाला आयन १२५५.६ ला आणि सोडियमवाला १२७७.६ ला येतो. पट्टी हजारावर कापली असेल तर फक्त दोन भारांचा ६२८.३ दिसतो आणि माणूस ६२७ वजनाचा 'नवा' रेणू शोधत बसतो. समस्थानिकांच्या रेघांमधलं अंतर बघा. ते अर्ध्या एककाचं असेल तर भार दोन आहे. सी-१८ कॉलमवर हा उशिरा उतरतो, निम्म्याहून जास्त ॲसिटोनायट्राइल लागतं. म्हणून ग्रेडियंट ९५ टक्क्यांपर्यंत न्या.

जोडीला १२६९.६ दिसलं तर हुरळून जाऊ नका. ॲक्टिनोमायसिन एक्स-२ मध्ये एका प्रोलिनवर ऑक्सो गट असतो, त्याचा फरक +१३.९७९. सी मालिकेत व्हॅलिनच्या जागी आयसोल्युसिन येतं, तिथे फरक +१४.०१६. साध्या यंत्रावर दोन्ही 'चौदा'च दिसतात. क्यू-टॉफवर (जास्त अचूक वस्तुमान देणाऱ्या यंत्रावर) ५ पीपीएम अचूकता असेल तर आरामात वेगळे कळतात.

---

छप्पन्न_पॅसेज

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्नच चुकलेला आहे. चँग लिव्हर या यकृताच्या पेशी नाहीत आणि नॉर्मलही नाहीत. त्या हेलाच आहेत. फार जुनी भेसळ आहे ही, आणि डीएनए ठशांनी सिद्ध झालेली. तुमच्या तक्त्यात हेला दोनदा आहे, म्हणून दोन्हीकडे ०.५. तेवढ्यापुरती तुमची पिपेटिंग चांगली आहे असं म्हणता येईल! आतड्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या आयएनटी-४०७, फुप्फुसाच्या एल-१३२, तोंडाच्या केबी आणि स्वरयंत्राच्या हेप-२, या सगळ्या हेलाच. स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरलेल्या एमडीए-एमबी-४३५ प्रत्यक्षात मेलॅनोमाच्या एम-१४ निघाल्या. शोधनिबंधांत हे अजून छापून येतं, परीक्षकही सोडून देतात.

एचईके-२९३ नॉर्मल म्हणून घेऊ नका. त्या ॲडेनोव्हायरसच्या डीएनएने अमर केलेल्या आहेत. त्वचेचे प्राथमिक फायब्रोब्लास्ट कमी पॅसेजचे (थोड्याच वेळा नव्या भांड्यात हलवलेले) घ्या आणि तुलना करताना दोन्ही पेशींचा दुपटीचा वेळ लिहून ठेवा. हळू वाढणाऱ्या पेशी बहुतेक विषांना कमी बळी पडतात. त्यातून दिसणारी 'निवडकता' खोटी असते.

आता एमटीटी. ही चाचणी पेशी मोजत नाही, एमटीटीला जांभळं करण्याची त्यांची ताकद मोजते. म्हणून काही गोष्टी प्रत्येक प्लेटवर हव्यातच. पेशी न घालता फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी असलेले वेल (प्लेटमधले खळगे) ठेवा. अर्कातली थायॉल किंवा फिनॉल थेट एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. तसंच अर्क आणि पेशी घेऊन एमटीटी न घातलेले वेल ठेवा. प्रोडिजिओसिन आम्लात ५३५ ला शोषतं, ते ५७० च्या वाचनात डोकावतं. ॲक्टिनोमायसिनचं शिखर ४४३ ला असल्याने तुमच्याकडे हा त्रास कमी असेल, पण अर्क बदलला की पुन्हा बघावं लागतं. अर्क विरघळवायचा डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत ठेवा आणि तो सगळ्या वेलमध्ये सारखा असू द्या. कडेच्या ३६ वेलमध्ये फक्त बफर भरा. तीन दिवसांत कडेचे वेल सुकतात आणि आकडे वाकतात.

आणखी एक सापळा असतो अँटिमायसिनसारख्या श्वसनरोधकांचा. ते मायटोकाँड्रिया बंद करतात, एमटीटी पडतो, पण पेशी अजून तिथेच बसलेल्या असतात. म्हणून वाचनाआधी प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशी गोल होऊन सुटल्या आहेत, फुगल्या आहेत की पसरलेल्याच आहेत?

शक्य असेल तर एसआरबीवर (पेशींची प्रथिनं रंगवून मोजणाऱ्या चाचणीवर) या. थंड १० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने ४ अंशांवर तासभर पेशी घट्ट करा, ०.४ टक्के सल्फोऱ्होडामिन-बी अर्धा तास, १ टक्का ॲसेटिक आम्लाने चार-पाच धुण्या, मग १० मिलिमोलर ट्रिसमध्ये रंग सोडवून ५४० ला वाचा. अर्काचा स्वतःचा रंग धुण्यात जातो. औषध घालतानाच एक प्लेट घट्ट करून ठेवली की शून्य वेळेचं वाचन मिळतं. मग वाढ थांबली की पेशी मेल्या, हे वेगळं सांगता येतं. एमटीटीचा एकटा आयसी५० ते सांगत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकमधली (टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातली) कर्करोगविरोधी औषधांची चाचणी सुविधा एसआरबीच वापरते. तिथे पाठवणार असाल तर आकडे जुळवून बघायलाही बरं.

शेवटचं, लाल पेशी. दोन टक्के धुतलेल्या रक्तपेशी आणि अर्क, ३७ अंश, एक तास. फुटल्या तर पडदा फाडणारं काहीतरी आहे. बॅसिलसमधून सर्फॅक्टिन, स्ट्रेप्टोमायसिसमधून पॉलिईन (ओळीने दुहेरी बंध असलेले बुरशीनाशक रेणू). पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं हॅमायसिन हे अशाच पॉलिईनचं आपलं उदाहरण. बुरशीवर उत्तम, पण 'कर्करोगविरोधी' म्हणून मोजायचं नाही. हेप्टाईन (सात दुहेरी बंधांचं पॉलिईन) असेल तर ३६० ते ४०५ च्या पट्ट्यात ओळीने तीन टोकदार शिखरं दिसतात, एकदा बघितली की विसरत नाहीत.

---

बीजाणू

तिसरा प्रश्न. स्ट्रेप्टोमायसिसचं गुणसूत्र सरळ रेषेतलं असतं, गोल नाही, आणि त्याची टोकं तुटत राहतात. टोकांजवळ राहणारे जनुकगट सबकल्चरमागून सबकल्चर करताना गळून जातात. टक्कल पडलेली वसाहत म्हणजे भुकटी, म्हणजे बीजाणू, बनवण्याची ताकद गेलेली. अशा वसाहती बहुतेक वेळा संयुगही कमीच बनवतात. तुम्ही प्लेटवरून प्लेट करत गेलात आणि लूपने जास्त करून टकलीच उचलली गेली, कारण तीच मऊ असते.

मूळ प्लेट फ्रिजमध्ये असेल तर आजच काढा. भुकटीवाल्या आठ-दहा वसाहती निर्जंतुक टूथपिकने वेगळ्या उचला आणि प्रत्येकीचं छोटं फ्लास्क लावा. सर्वात जास्त रंग देणारी निवडा. तिची प्लेट दहा दिवस पिकू द्या. मग ०.०१ टक्का ट्वीन-८० च्या पाण्यात बीजाणू खरवडा, कापसाच्या बोळ्यातून गाळा म्हणजे धागे मागे राहतील, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये पन्नासेक छोट्या कुप्या करून उणे ८० ला ठेवा. यापुढे दर बॅच नव्या कुपीतून. वापरलेली कुपी परत गोठवायची नाही.

वाढीतही सुधारणा हवी. सात दिवस थेट आयएसपी-२ मध्ये ठेवण्यापेक्षा ४८ तासांचं बीज-कल्चर करा आणि ते ५ ते १० टक्के उत्पादन माध्यमात घाला. फ्लास्कच्या तळाशी स्टीलची स्प्रिंग टाका, नाहीतर साबुदाण्यासारख्या गोळ्या होतात, आतल्या धाग्यांना हवा मिळत नाही आणि दर फ्लास्कचं उत्पादन वेगळं येतं. आयएसपी-२ मध्ये ग्लुकोज आहे, आणि ॲक्टिनोमायसिनसारख्या कितीतरी संयुगांचं उत्पादन ग्लुकोज दाबून ठेवतं. ॲक्टिनोमायसिनवरच्या जुन्या कामात मुद्दाम गॅलॅक्टोज आणि ग्लुटामिक आम्लाचं माध्यम असायचं, ते याचसाठी. फॉस्फेट जास्त झालं तरी तोच परिणाम.

आणि कोऱ्या माध्यमाचा अर्क? तुमच्या वर्णनात कुठे दिसला नाही. जिवाणू न घातलेलं ब्रॉथ सात दिवस शेकरवर ठेवून तसंच काढा आणि तेही पेशींवर घाला.

---

सड्यावरची_माती

तिघांनाही धन्यवाद. ४४३ ला शिखर आहे, ४२५ ला खांदा, वाचन ०.४६. अल्कलीत रंग बदलला नाही. वस्तुमानाची पट्टी हजारापर्यंतच होती, ६२८.३ दिसतो आणि रेघांमधलं अंतर ०.५. कोरा अर्क १०० मायक्रोग्रॅमपर्यंत काहीच करत नाही. म्हणजे ॲक्टिनोमायसिन जवळपास नक्की. आता हा जिवाणू बाजूला ठेवायचा का?

---

सिलिका_स्तंभ

लगेच नको. एक दिवस अजून द्या. २०० मायक्रोग्रॅम अर्क विश्लेषणाच्या सी-१८ कॉलमवर सोडा आणि बाहेर येणारा द्रव दर ३० सेकंदांना ९६ वेलच्या खोल प्लेटमध्ये गोळा करा. सोडताना डिटेक्टर २२० ते ६०० वर चालू असू द्या. प्लेट निर्वातात सुकवा, प्रत्येक वेलमध्ये २ मायक्रोलिटर डीएमएसओ, मग माध्यम, आणि ते पेशींवर. मेलेल्या वेलची ओळ ४४३ च्या आलेखाखाली ठेवून बघा. सगळं मरण त्या एका डोंगराखाली असेल तर हा अर्क संपला. पण आणखी कुठे दोन वेल मेले असतील, जिथे ४४३ ला काहीच नाही, तर तिथे बघण्यासारखं आहे. ॲक्टिनोमायसिन इतकं जहाल आहे की मूळ अर्कात त्याच्या सावलीत दुसरं काहीही दिसत नाही. शेपूट ओढणाऱ्या शिखराने पुढचे वेलही मरतात, म्हणून अर्क दहापट विरळ करून तेच एकदा पुन्हा चालवा.

जीनोम वाचून घेतलात तर अँटीस्मॅश या जनुकगट शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ॲक्टिनोमायसिनचा जनुकगट ओळखू येईल, आणि बाकीचे वीस-पंचवीस गटही दिसतील. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस कोएलिकलरचा ८७ लाख अक्षरांचा जीनोम आला तेव्हाच कळलं होतं की जिवाणू प्रत्यक्षात दाखवतो त्याच्या कितीतरी पट संयुगांची तयारी त्याच्याकडे असते. १६-एस या ओळखीसाठी वाचतात त्या जनुकाच्या अनुक्रमावरून मात्र यातलं काही कळत नाही. ते जातीपुरतंच.

---

संथ_जंतू

थोडा वेगळा मुद्दा. बाकीचे ३३ याच पद्धतीने तपासलेत तर अजून ॲक्टिनोमायसिन, अँटिमायसिन आणि नोनॅक्टिनच निघतील. १०० अंशांवर तासभर तापवून स्टार्च केसीनवर पसरलं की सहज उगवणारे स्ट्रेप्टोमायसिसच वर येतात, आणि 'पेशी मरतात का' एवढंच विचारलं की तेच ते जहाल रेणू सापडतात. चाळणी तीच, तर दाणेही तेच.

लोक म्हणतात दुर्मीळ जागेची माती आणा. रापा नुई बेटाच्या मातीतून रापामायसिन आलं हे खरं, पण डाउनोरुबिसिनची माती इटलीतल्या कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळची होती, लोक फिरायला जातात तिथली. कॅलिचिमायसिन टेक्ससमधल्या चुनखडी मातीतल्या मायक्रोमोनोस्पोराचं. तिथे लेडर्ले या औषध कंपनीच्या लोकांनी पेशी मारण्याऐवजी डीएनएला इजा झाली की रंग देणारा ई. कोलाय वापरला होता, म्हणून इतक्या अल्प प्रमाणातलं संयुग हाती लागलं. जागेपेक्षा प्रश्न बदलल्याने जास्त फरक पडतो असं माझं मत.

मिक्सोबॅक्टेरिया (मातीतले सरपटणारे जिवाणू) करून बघा. एपोथिलोन झांबेझीच्या काठच्या मातीतल्या सोरँजियम सेल्युलोसमचं. ते आधी बुरशीविरोधी म्हणून नोंदलं गेलं. पुढे मायक्रोट्युब्युल (पेशीतल्या सूक्ष्म नळ्या) जुळवण्याच्या चाचणीत ते टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधासारखं वागतं हे कळलं, आणि त्याचं रूप इक्साबेपिलोन २००७ मध्ये औषध झालं. पद्धत सोपी, वेळ मात्र भरपूर. नायट्रेट आणि क्षार असलेल्या, साखर नसलेल्या आगारवर निर्जंतुक गाळणी कागद ठेवा, त्याच्या कडेला वाटाण्याएवढे मातीचे ढेकूळ, बुरशी रोखायला मि.ली.मागे ५० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड, ३० अंश, प्लेट ओल्या डब्यात. तीन-चार आठवड्यांनी कागद कुठेतरी पिवळा-नारिंगी होऊन विरघळायला लागतो, फडका झिजावा तसा. त्या कडेवरून तांदळाच्या कणीएवढा तुकडा उचलून नव्या कागदावर. अमिबा आणि सोबतचे जिवाणू जायला अशा आठ-दहा फेऱ्या लागतात. यांच्या माध्यमात एक्सएडी-१६ रेझिन २ टक्के टाकतात. संयुग रेझिनवर बसतं, जिवाणूला स्वतःचंच विष लागत नाही आणि शेवटी रेझिन चाळून मेथॅनॉलने धुतलं की काम झालं. इथाइल ॲसिटेटच्या बादल्या उपसाव्या लागत नाहीत.

स्ट्रेप्टोमायसिस सोडून दुसरे ॲक्टिनोमायसीट्स हवे असतील तर ओव्हन १२० अंशांवर न्या, ह्युमिक आम्लाचं आगार घ्या, नॅलिडिक्सिक आम्ल मि.ली.मागे २० मायक्रोग्रॅम, आणि प्लेट तीन आठवड्यांआधी टाकून देऊ नका. पहिल्या आठवड्यात उगवलेल्यांवर प्लेटच्या मागून पेनने खूण करा आणि ते सोडून द्या. नंतर येणारे टाचणीच्या टोकाएवढे हवे आहेत.

---

छप्पन्न_पॅसेज

एक राहिलं. ॲक्टिनोमायसिन असल्याचं कळलंय तर रोटावॅपच्या (द्रावक उडवणाऱ्या यंत्राच्या) फ्लास्कमधला कोरडा अर्क सुरीने खरवडू नका, भुकटी उडते. थोड्या मेथॅनॉलमध्ये विरघळवून कुपीत घ्या आणि नायट्रोजनखाली सुकवा. दोन जोड्या नायट्राइल मोजे घाला. हातमोजे, टिप्स, प्लेटा सायटोटॉक्सिक खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत, जाळायला. ऑटोक्लेव्हने हे संयुग निष्प्रभ होतं असं धरून चालू नका.

---

सड्यावरची_माती

मोजे एकच होते, आजपासून दोन. पुढच्या लिटरसाठी एक छोटा प्रश्न: इथाइल ॲसिटेट काढताना फनेलमध्ये मधोमध साबणासारखा जाड फेस बसतो, रात्रभर ठेवला तरी उतरत नाही.

---

बीजाणू

आधी धागे नीट काढा. १०,००० जी ला १५ मिनिटं फिरवा, नुसतं गाळून भागत नाही. मग १०० मि.ली.मागे ५ ग्रॅम मीठ घाला आणि फनेल जोरात हलवण्याऐवजी उलटसुलट करा, तीसेक वेळा. तरीही फेस राहिला तर फक्त तो मधला थर सॉल्व्हंट सोसणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या नळ्यांत घेऊन पाच मिनिटं फिरवा. प्रथिनांची पातळ चकती मधे बसते आणि वरचा नारिंगी थर पिपेटने सरळ उचलता येतो.